एक सिनेमा मागे राहिलेलं घर

वन्संकडे जायचं असलं की मी आधी फोन करून विचारते, "सध्या न्हाणीघराचं दार कुठलं?"

ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांच्या घरात मी एकदा न्हाणीघराचं म्हणून दार उघडलं, तर मागे विटांची भिंत आणि भिंतीवर निळंशार आभाळ रंगवलेलं. दुसऱ्या खेपेला बैठकीच्या खोलीत नवा जिना दिसला. वर माळा काढला असेल म्हणून हातातल्या फळांच्या पिशवीसकट चढत गेले, तर जिना छताला जाऊन टेकला आणि पाठोपाठ माझं डोकंही. खालून वन्सं शांतपणे म्हणाल्या, "उतर. तो भुताचा आहे."

घराची ही दशा व्हायला कारण भावोजी, म्हणजे वन्संचे यजमान. नकाशे काढायच्या कचेरीत त्यांचा जन्म गेला, पेन्सिलीला टोक काढण्यात आणि दुसऱ्यांच्या चुकलेल्या रेषा पुसण्यात. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत घरातल्या प्रत्येक खुर्चीत बसून कंटाळले. नेमका तेव्हाच एक लोकेशनवाला दारात उभा राहिला. सिनेमासाठी घरं शोधणं हा त्याचा धंदा. उंच छत, रुंद खिडक्या, बाहेर गाड्या लावायला शांत रस्ता, सगळं त्याच्या मनासारखं. तो बैठकीच्या खोलीत मधोमध उभा राहिला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि म्हणाला, "काका, तुमच्या घराला चेहरा आहे."

"माझ्या चेहऱ्याबद्दल या माणसानं आजवर चकार शब्द काढला नाही," वन्सं मला सांगत होत्या, "आणि घराच्या चेहऱ्याचं कौतुक ऐकून असे फुलले, असे फुलले, की परक्या माणसाला म्हणाले जेवूनच जा."

मग रांग लागली. मोठ्या स्टुडिओचा रडका कौटुंबिक सिनेमा झाला, भुताचा झाला, खुनाचा झाला, एका फरशीची जाहिरात झाली, पुन्हा एक भुताचा झाला. वन्संची मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. ती माहेरपणाला आली तर तिच्या खोलीच्या भिंतीवर लाल शिंतोडे. "आई, मी आता खुन्याच्या खोलीत झोपू?" तिनं विचारलं. "तो चांगल्या घरचा खुनी होता, झोप," भावोजी म्हणाले. भर दुपारी खिडक्यांना काळं कापड ठोकून रात्र करायचे आणि वन्सं त्या रात्रीत चाचपडत दुपारचा चहा टाकायच्या. भावोजी मात्र दिग्दर्शकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसत. हळूहळू त्यांची भाषाच बदलली. भाजी आणायला सांगितलं तर म्हणत, "या सीननंतर." वन्सं चिडून बोलायला लागल्या की हात वर करून म्हणत, "कट."

"एक दिवस मी खरंच काहीतरी कट करीन," वन्सं म्हणत.

आता सिनेमावाल्यांची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. कुणाच्या घरात शूटिंग करायचं असलं की काम सुरू करण्याआधी हे लोक प्रत्येक खोलीचे फोटो काढतात. कुठली खुर्ची कुठे, भिंतीचा रंग कोणता, खिळा कुठे, सगळं. मग हवी ती मोडतोड करतात आणि जाताना ते फोटो समोर धरून घर होतं तसं करून देतात. कबूलच तसं केलेलं असतं. रीत चांगली आहे, तिच्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण पहिल्या सिनेमावाल्यांनी जाताना काही घर पूर्ववत केलं नाही. त्यांचे शूटिंगचे दोन-चार तुकडे घ्यायचे राहिले होते. त्याला ते पॅचवर्क म्हणतात. "सेट असाच राहू द्या काकू, हिरॉइन परदेशातून आली की येतोच," असं सांगून गेले. हिरॉइन कधी आली देव जाणे. त्याआधी भुताच्या सिनेमावाले आले. त्यांनी रीतीप्रमाणे घराचे फोटो काढले, घर काळंकुट्ट केलं, डिंकाची कोळिष्टकं लावली, आणि काम संपल्यावर फोटो समोर धरून घर अगदी होतं तसं करून दिलं. म्हणजे कसं? तर रडक्या सिनेमात होतं तसं! खुनाच्या सिनेमावाल्यांना भुताचा तो जिना फोटोत सापडला, कारण तो काढायला भुतवाले विसरले होते. त्यांनी आपल्या कामापुरता जिना हलवला आणि जाताना इमानेइतबारे परत होता तिथे बसवून दिला.

तेव्हापासून ते घर कायम एक सिनेमा मागे आहे.

बैठकीच्या खोलीत ओल आल्याचा मोठा डाग आहे. तो डाग रडक्या सिनेमाच्या आर्टवाल्यांनी, म्हणजे सेट उभारणाऱ्यांनी, ब्रशानं रंगवलेला. त्यातलं कुटुंब गरीब दाखवायचं होतं. वन्संनी सोडा लावून तो महिनाभर घासला, जवळजवळ घालवला. पुढच्या शूटिंगच्या वेळी जाणाऱ्या आर्टवाल्यानं फोटोतल्या पुसट कडेवरून तो पुन्हा सुबक रंगवून दिला आणि वर म्हणाला, "काकू, थोडा फिका पडला होता." त्याच भिंतीवर एका मिशाळ म्हाताऱ्याची तसबीर आहे. रडक्या सिनेमातले आजोबा. कोण, कुठले, कुणाला ठाऊक नाही. प्रत्येक सिनेमात खाली उतरतात आणि प्रत्येक सिनेमानंतर परत वर चढतात. पाहुण्यांनी विचारलं की भावोजी सांगतात, "आमच्यातलेच. लांबचे."

हे सगळं वन्संनी सोसलं. आभाळ सोसलं, जिना सोसला, आजोबांना तर त्या अधूनमधून कापडानं पुसतही. पण स्वयंपाकघरातल्या ओट्याचं दुखणं त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

आमच्या सासरची माणसं ताडमाड. वन्सं तेवढ्या उरलेल्या कापडात बेतल्यासारख्या. नवीन घर बांधताना गवंड्यानं ओट्याची उंची विचारली, तेव्हा भावोजींनी नव्या नवरीला भिंतीला टेकून उभं केलं, कोपरात हात दुमडायला लावला आणि कोपराच्या जरा खाली पेन्सिलीनं रेघ मारली. ओटा त्या रेघेवर बांधला. वन्सं मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. "जन्मभर दुसऱ्यांची मापं मी घेतली," त्या मला एकदा कणीक मळता मळता म्हणाल्या होत्या. "माझं म्हणून माप कुणी घेतलं ते एवढंच." आणि लगेच, "बघतेस काय, तेल दे," असंही म्हणाल्या होत्या.

तर रडक्या सिनेमाची हिरॉइन निघाली उंच. ओट्याशी उभी राहिली की कमरेत वाकायची. कॅमेरावाला म्हणाला, बाई सोशिक दिसायला हवी, पाठदुखीची रुग्ण नको. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर विटांचे थर चढले, वर नवी फरशी बसली आणि ओटा चांगला वीतभर वर गेला. हिरो बुटका होता. हिरॉइनशी बोलताना त्याला पायाखाली लाकडी खोका द्यायचे. जाताना ओटा उंचच राहिला आणि खोकाही इथेच राहिला. भावोजी कौतुकानं म्हणाले, "बघ, सोय करून गेले."

हिरोच्या खोक्यावर उभं राहून वन्सं तेव्हापासून स्वयंपाक करत होत्या.

कुणीही विचारील, गवंडी आणून फोडला का नाही? मीही विचारलं होतं. भावोजी म्हणाले, "वहिनी, तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्यानं चढवला त्यानं उतरवायचा. आपण हात लावला तर ते म्हणतील, तुम्हीच फोडलात." वन्संना विचारलं तर, "मी बिघडवला नाही, मी का दुरुस्त करू?" नवरा-बायकोचं जन्मात कशावर एकमत झालं नाही, ते नेमकं या अडेलतट्टूपणावर झालं. त्यातच पुढचं शूटिंग ठरलेलं असायचं, प्रत्येक लोकेशनवाला जाताना "ओट्याचं बघतो काकू" म्हणायचा आणि फोटोत बघून ओटा घासूनपुसून तेवढाच उंच ठेवून जायचा. वर म्हणायचा, "होता तस्सा दिला."

शेवटी व्हायचं तेच झालं. उकळतं पातेलं उतरवताना खोका एका अंगाला कलंडला आणि वन्सं पडल्या. नशीब की पातेलं ओट्यावरच राहिलं. हाड मोडलं नाही, मनगट मुरगळलं. उजवा हात गळ्यात बांधला, आणि डॉक्टरांनी दम दिला की खोक्यावर चढायचं नाही.

म्हणून मी तिथे राहायला गेले.

पहिल्या दिवशी ओट्याशी उभी राहिले आणि मला कसंतरीच झालं. मी उंच आहे. ओटा मला अगदी मापात बसला.

"तुला बरा होतो," मागून वन्सं म्हणाल्या.

"तसं काही नाही, जरा..."

"बरा होतो म्हटलं ना मी. भांडत नाहीये. कांदा जळतोय."

कांदा जळत नव्हता. पण माझ्या हाताखालून कांदा सुखरूप उतरेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी मागे वळून मीठ काढेपर्यंत त्या एका हातानं ओटा धरून खोक्यावर चढलेल्याच. "वन्सं, डॉक्टरांनी..." "डॉक्टरांना म्हणावं येऊन भाजी हलवा." त्या चढायच्या, चव घ्यायच्या, उतरायच्या, डबा काढायच्या, पुन्हा चढायच्या. मी कोपर धरायला गेले की झटकून टाकायच्या. दोन दिवसांत माझं डोकं उठलं. आजारी माणसाची सेवा करायला आले होते की सर्कशीत जाळं धरायला, तेच कळेना.

आणि बाहेरच्या खोलीतून सतत भावोजींचा आवाज. "कोण आहे?" थोड्या वेळानं, खालच्या पट्टीत, "कोण... आहे?" मग संशयानं, "कोण आहे?"

"दारावर कुणी आलंय का?" मी विचारलं.

"अंगात आलंय," वन्सं म्हणाल्या. "नव्या सिनेमात काम मिळायचंय. शेजाऱ्याचं. तेवढं एक वाक्य आहे. चार दिवस तेच चालू आहे. परवा दूधवाल्यानं तीनदा सांगितलं कोण आहे ते."

नवा सिनेमा कुठल्या स्टुडिओचा नव्हता. एक दिग्दर्शिका स्वतःच्या हिमतीवर करत होती. चार माणसं, एक कॅमेरा, गाडी मैत्रिणीची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच आली. डोळ्यांखाली काळं, दोन महिने पुरेशी झोप नाही असा चेहरा, खांद्यावरची पिशवी तिच्यापेक्षा जड. मला ती आवडली. आल्याबरोबर तिनं चहा मागितला आणि कप स्वतः विसळून ठेवला, हे त्या घरात आलेल्या कुठल्याच दिग्दर्शकानं केलं नव्हतं.

"काकू, मला काहीही बदलायचं नाही," ती म्हणाली. "एक खिळासुद्धा ठोकणार नाही. मला खरं घर हवंय. स्टुडिओवाल्यांनी खोटी घरं दाखवून दाखवून लोकांचे डोळे बिघडवलेत."

मी वन्संकडे पाहिलं. वन्सं खिडकीबाहेर पाहत होत्या.

दिग्दर्शिका घरभर हिंडली. ओलीच्या डागासमोर उभी राहिली आणि हळूच त्याला हात लावला. "हे बघा. हे कुणाला ब्रशानं काढता येणार नाही. याला वर्षं लागतात." आजोबांच्या तसबिरीपुढे तिचा आवाज आणखी खाली आला. "घरावर अजून यांचाच धाक आहे ना? जाणवतं."

भावोजींनी घसा साफ केला. "कडक होते," ते म्हणाले.

मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाले. तर माझ्या मागोमाग ती तिथेही आली. तिथे वन्सं एक हात गळ्यात, दुसऱ्या हातात डाव, खोक्यावर उभ्या. ती दारातच थबकली.

"काकू, हलू नका."

"का? झुरळ आहे?"

"स्वतःच्याच स्वयंपाकघरात उंची न पुरणारी बाई," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "याच्याभोवती सगळा सिनेमा उभा राहील. हे कुणी लिहून सुचत नाही. हे जगावंच लागतं."

"जगतेय की," वन्सं म्हणाल्या. "हा ओटा खाली करायचाय मला. तुझ्या सिनेमाआधी करून दे, मग काय हवं ते उभं कर."

तिचा चेहरा पडला. "ओटा नको ना काकू. ओटा आणि खोका, यासाठी तर हे घर हवंय. शूटिंग झालं की मी स्वतः उभी राहून..."

"होता तसा करून देशील."

"हो, अगदी! परवा येऊन मी आधीचे फोटो काढते. एक कणही इकडचा तिकडे होणार नाही."

वन्संनी डाव खाली ठेवला आणि त्या खोक्यावरून उतरल्या. हातात डाव नसला की त्या फार शांत बोलतात, आणि ते ऐकायला बरं नसतं. त्यांनी तिला सगळं सांगितलं. हिरॉइन, विटांचे थर, हिरोचा खोका, डागाला मारलेला ब्रश, आणि कुणाचेच नसलेले आजोबा. दिग्दर्शिका मुकाट्यानं ऐकत खोक्याच्याच कडेवर बसली. मला वाटलं, चिडेल, नाहीतर हसून साजरं करील. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"डाग पण?" बोटांआडून तिनं विचारलं.

"डाग पण."

"छान काढलाय हो." मग उठली. "पण तुम्ही पडलात ते खरंच आहे ना काकू? रोज चढता ते खरं आहे. मला तेच हवंय. नाहीतर मला दुसरं घर बघावं लागेल, आणि माझ्याकडे आता दुसरं घर बघायचं त्राण नाही." तिच्या बोलण्यात धमकी नव्हती, ती खरंच दमली होती. त्यामुळेच पंचाईत झाली.

दुसरं घर म्हटल्याबरोबर भावोजी मध्ये पडले. "छे छे, दुसरं कशाला! अगं, इतके दिवस काढलेस, आणखी थोडे. सिनेमा झाला की बघू. नाही का?"

वन्संनी पुन्हा डाव उचलला. मी बोलले. मी म्हटलं, "भावोजी, एका वाक्यासाठी?"

"वहिनी, वाक्य लहान असलं तरी सिनेमा त्याच्यावरून वळतो. विचारा यांना."

दिग्दर्शिकेनं मान खाली घातली. बहुधा काही वळत नसावं. पण जाता जाता तिनं त्यांना एक काम सांगितलं. "काका, तुमचा शेजारी बोलतो कमी, बघतो जास्त. तुम्ही आत्तापासूनच बोलताय फार. उद्या सकाळी कॅमेरा जिथे लागणार त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा. काकूंचा स्वयंपाक होईस्तोवर नुसतं बघायचं. बोलायचं नाही, पेपर वाचायचा नाही. बघायला शिका."

एवढं भारी काम कचेरीत त्यांना कुणी सांगितलं नसेल. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून भावोजी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात येऊन बसले. वन्संनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "इथं काय आहे?"

भावोजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"बरं. बसा. शोभेची वस्तू म्हणून तरी उपयोग होईल."

ती सकाळ रोजच्यासारखीच गेली. वन्सं खोक्यावर चढल्या, भांडं ठेवलं, उतरल्या. डब्यासाठी वाकल्या, चढल्या. चिमटा खाली राहिला म्हणून उतरल्या. डावा पाय आधी, मग उजवा, आणि प्रत्येक वेळी गुडघ्यावर तळवा दाबून एक छोटासा श्वास. खोक्याची एक बाजू खालून झिजली होती, त्यामुळे तो दर वेळी टक् करून वाजायचा. आवाज मलाही सवयीचा झाला होता. मी तांदूळ निवडत होते. मध्येच नजर गेली तर भावोजी खुर्चीच्या कडेवर आलेले. वन्सं चढल्या की त्यांचे हात पुढे व्हायचे, उतरल्या की मांडीवर यायचे. दोनदा तोंड उघडून मिटलं. काय करणार, बोलायचं नव्हतं.

तिकडे भाताचं पाणी उतू गेलं. वन्सं घाईनं चढल्या, खोका डुगडुगला, त्यांनी एका हातानं ओट्याची कड पकडली आणि सावरल्या. रोज एकदा तरी असं व्हायचंच.

"अगं, किती वेळा चढतेस-उतरतेस!" भावोजी ओरडलेच.

वन्संनी मान वळवली. "आज दिसलं?"

"रोज असंच?"

"नाही. रोज दोन हात असतात."

भावोजी उभे राहिले. काहीतरी शोधल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. मग चपला घालून निघून गेले. "बघ," वन्सं मला म्हणाल्या, "नुसतं बघूनच दमले. आता पारावर जाऊन सगळ्यांना सांगतील, केवढं काम केलं म्हणून."

तासाभरानं ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर घमेलं, छिन्नी आणि हातोडा घेऊन गवंडी होता.

"आत्ता?" मी म्हटलं. "गॅसवर वरण... आणि उद्या ती मुलगी फोटो काढायला येणार!"

"म्हणूनच आत्ता," भावोजी म्हणाले. "फोटो निघाला की झालं. मग हा ओटा आपल्या पुढच्या पिढ्यांपर्यंत असाच. फोडा हो तुम्ही."

जेवण राहिलं बाजूला. घरभर धूळ. मी चादरी, डबे, धान्य झाकत धावत होते आणि मनात या नवरा-बायकोला लाखोली वाहत होते. इतकी वर्षं ढिम्म बसले आणि फोडायची वेळ काढली ती नेमकी ओट्यावर शिजतं अन्न असताना. वन्सं मात्र दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि एकेक वीट निघताना असं बघत होत्या, की तसं सिनेमाकडेही कुणी बघत नसेल.

विटा निघाल्या. गवंड्यानं घाम पुसला. "उंची काय धरू?"

"पहिली होती ती," भावोजी म्हणाले, आणि आकडा सांगितला. जराही न अडखळता. मी थक्क झाले. या माणसाला स्वतःच्या चष्म्याची जागा आठवत नाही.

वन्संनीही चमकून पाहिलं. "लक्षात आहे?"

"माझी रेघ आहे ती. रेघ विसरतो होय मी?"

गवंड्यानं त्या आकड्यावर भिंतीला खूण केली. वन्सं जाऊन उभ्या राहिल्या. डावा हात कोपरात दुमडला. त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"उंच आहे."

"शक्यच नाही."

"मी उभी आहे ना इथे? उंच आहे म्हटलं. तुमचा आकडा चुकला."

"माझा आकडा चुकत नसतो!" भावोजी टेप घेऊन खाली वाकले, चष्मा कपाळावर चढवला, जमिनीपासून मोजत वर आले. खूण बरोबर होती. पुन्हा मोजलं. मग त्यांनी टेप वन्संच्या कोपराशी नेला आणि तिथेच थांबले. बराच वेळ टेपवरचे आकडेच वाचत राहिले.

"तू कमी झालीस," ते म्हणाले.

"कमी कशी होईन? काहीतरीच!"

"झालीस. दोन बोटं."

"वयानं होतं ताई," गवंडी समजुतीनं म्हणाला. "आमची आई पण..."

"तुम्ही विटा बघा," वन्सं म्हणाल्या. आवाज जरा ओला होता, पण धूळही खूप होती. मग नवऱ्याला म्हणाल्या, "मग जुनं माप कशाला गिरवताय? नवीन घ्या की. उजव्या हाताला धक्का लावू नका, तो दुखरा आहे."

भावोजींनी कानामागची पेन्सिल काढली. वन्संना भिंतीला टेकून उभं केलं. "ताठ राहा. वाकू नकोस."

"ताठच आहे. आता एवढंच ताठ होतं."

त्यांनी जुन्या खुणेखाली नवीन रेघ मारली. त्याच वेळी दारातून कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला. दिग्दर्शिका. उद्याचं काम आज उरकायला आली होती. स्वयंपाकघराचा उकिरडा, ओट्याच्या जागी राडारोडा, आणि तिचा लाडका खोका बाहेर अंगणात, त्याच्यावर गवंड्याचा डबा. मला तिची कीवच आली. तिनं क्षणभर सगळं पाहिलं, मग टेप धरून वाकलेल्या भावोजींकडे आणि भिंतीला टेकलेल्या वन्संकडे पाहिलं, आणि पिशवीतून कॅमेरा काढायला लागली.

"थांबा काकू, असंच... काका, पेन्सिल तशीच..."

"कॅमेरा आत ठेव," वन्सं म्हणाल्या. "ओटा होईस्तोवर या घरात एकही फोटो निघणार नाही."

"पण काकू, हा क्षण..."

"क्षण गेला खड्ड्यात. आधी ओटा."

तिनं कॅमेरा आत ठेवला. पिशवी खाली ठेवली आणि मुकाट्यानं विटा उचलायला लागली.

सिनेमा तिथेच झाला. उंची न पुरणाऱ्या बाईचं काय झालं ते तिनं कसं निस्तरलं, ते तिलाच माहीत. भावोजींचं वाक्य शूटिंगला झकास झालं म्हणतात, एडिटिंगमध्ये गेलं. शेजारी नुसताच खिडकीतून बघतो.

पण ओटा वाळल्यावर तिनं आधीचे फोटो काढले, तो दिवस मला पक्का आठवतो. वन्सं नवी साडी नेसल्या नव्हत्या, केसही विंचरले नव्हते. नुसत्या ओट्याशेजारी सरळ उभ्या राहिल्या आणि बरा असलेला हात फरशीवर टेकवला.

"काकू, तुम्ही फोटोत नको, फक्त खोली हवी," दिग्दर्शिका म्हणाली.

"मी हवी. पुढच्या माणसाला उंची कळायला नको? नुसता ओटा बघून काय कळणार, कुणाच्या मापाचा आहे ते."

तिनं फोटो काढला. मग वन्सं माझ्याकडे वळल्या. "चल, आता कांदा चिर. नवीन ओट्यावर पहिला स्वयंपाक तुझ्या हातचा होऊ दे. माझा हात अजून दुखतोय."

मी ओट्याशी उभी राहिले आणि कमरेत वाकले. कांदा चिरून होईस्तोवर पाठ भरून आली. मी सरळ होऊन कमरेवर हात ठेवला, तर मागे खुर्चीत बसून वन्सं बघतच होत्या.

"काय गं," त्या म्हणाल्या, "तुला बरा होत नाही का?"